तिसऱ्या, कालवं आणि गटाराचं पाणी: ग्रुपवर सारखे येणारे प्रश्न

आमच्या नाशिकच्या इंदिरानगरच्या ग्रुपवर मी दर शनिवारी समुद्राच्या मासळीची ऑर्डर गोळा करते, रविवारी पहाटे टेम्पो कसारा घाट चढून येतो आणि सातपर्यंत पिशव्या वाटून मी मोकळी. मागे एकदा ग्रुपमधल्या एका घरात तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, खाल्ल्यावर तिघांची पोटं बिघडली. तिसऱ्यांमुळेच की आणखी कशाने, ते काही कुणी तपासलं नाही, पण तेव्हापासून प्रश्न थांबतच नाहीत. मी मायक्रोबायोलॉजी शिकलेय, काही वर्षं पाणी तपासायच्या लॅबमध्ये काढलीत, म्हणून सगळे मलाच विचारतात. दर वेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवते. प्रश्न तुमच्याच शब्दांत ठेवलेत.

१. ताई, शिंपल्यांचंच एवढं काय? पापलेट, बोंबील पण त्याच समुद्रातले ना?

समुद्र तोच, जेवायची पद्धत वेगळी. तिसऱ्या, खुबे, कालवं, शिणाणे ही सगळी दोन शिंपांची मंडळी एका जागी बसून पाणी आत ओढतात, त्यातलं बारीक शेवाळ गाळून खातात, पाणी बाहेर सोडतात. दिवसरात्र हाच उद्योग. मोठं कालव, पाणी उबदार असलं की, दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. आता त्या पाण्यात गटार मिसळलेलं असेल तर शेवाळाबरोबर जंतू पण चाळणीत अडकणार, आणि आजूबाजूच्या पाण्यात असतात त्याच्या कितीतरी पट त्यांच्या अंगात साठणार. पापलेट असं पाणी गाळत बसत नाही, शिवाय त्याचं पोट आपण साफ करून टाकतो. तिसरीचं पोट कोण काढतं? आख्खी खातो, आतड्यासकट.

२. कोलिफॉर्म, फीकल कोलिफॉर्म, ई. कोलाय, हे सगळे रोगजंतूच का?

बहुतेक नाहीत, ते चुगली करणारे आहेत. कोलिफॉर्म हा जिवाणूंचा मोठा गट, फीकल कोलिफॉर्म त्यातले विष्ठेत सापडणारे, आणि ई. कोलाय त्यांच्यातला मुख्य. माणसाच्या आणि गरम रक्ताच्या जनावरांच्या आतड्यात ते कोट्यवधींनी राहतात, एक ग्रॅम विष्ठेत सुद्धा कोटींच्या हिशेबात, त्यामुळे पाण्यात ते सापडले की समजायचं इथे विष्ठा आलीय, आणि विष्ठेबरोबर टायफॉइड, कॉलरा, कावीळ यातलं काहीही आलेलं असू शकतं. प्रत्येक रोगजंतू वेगळा शोधत बसायला पैसाही नाही आणि वेळही नाही, म्हणून चुगलखोर मोजायचे.

मोजायची जुनी रीत अशी: जांभळट मॅकॉन्की ब्रॉथच्या (म्हणजे जंतूंच्या पातळ खाद्याच्या) नळ्या, प्रत्येकीत एक इवलीशी नळी उलटी बुडवलेली, तिला डरहॅम ट्यूब म्हणतात. नमुना कमीजास्त पातळ करून टाकायचा, एक-दोन दिवस इनक्युबेटरमध्ये. जंतू असले की जांभळं पिवळं होतं आणि उलट्या नळीच्या टोकाशी गॅसचा बुडबुडा अडकतो. मग तेच ४४.५ अंशाला परत वाढवलं की फीकल कोलिफॉर्म कळतात, बाकीचे त्या उष्णतेत टिकत नाहीत. किती नळ्या पिवळ्या झाल्या ते तक्त्यात बघून आकडा काढायचा, त्याला एमपीएन (मोस्ट प्रॉबेबल नंबर, सगळ्यात संभाव्य आकडा) म्हणतात. पहिल्यांदा मी शहराच्या खालच्या अंगाचं नदीचं पाणी लावलं होतं तेव्हा सगळ्याच्या सगळ्या नळ्या पिवळ्या. मी खूश, टेस्ट छान आली म्हणून. सर म्हणाले, अगं आकडा कुठंय? सगळ्या आल्या म्हणजे तू पातळ कमी केलंस, आता फक्त "यापेक्षा जास्त" एवढंच लिहिता येईल.

३. नाशिकला समुद्र कुठे आहे, आपण कशाला काळजी करायची?

उलट आपणच जास्त करायला पाहिजे. किनाऱ्यावरच्या माणसाला माहीत असतं की ह्या खाडीतलं घ्यायचं, त्या पुलाखालचं नाही. आपल्यापर्यंत ओल्या गोणीत माल येतो, दीड-पावणेदोनशे किमी प्रवास करून, आणि गोणीवर कुठल्या खाडीचा हे लिहिलेलं नसतं. विकणारी मावशी "मुंबईचा माल" म्हणते, आता मुंबईचा म्हणजे काय, ठाणे खाडीचा पण मुंबईचाच आणि लांब अलिबागच्या पुढून आलेला पण मुंबईमार्गेच. अमेरिकेत प्रत्येक पोत्याला टॅग असतो, कुठून काढलं, कधी काढलं, आणि हॉटेलवाल्याने तो ९० दिवस जपून ठेवायचा. नव्वदच का ते प्र. १२ मध्ये.

४. तिसऱ्या जिवंत होत्या, टकटक केलं की मिटत होत्या, वास पण नव्हता. म्हणजे चांगल्याच ना?

म्हणजे ताज्या. स्वच्छ आहेत की नाही हे त्यावरून काहीच कळत नाही. हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न आहे आणि मला सगळ्यात जास्त चिडवणारा पण. आपल्या आज्यांनी शिकवलेली परीक्षा, मिटते का, वास येतो का, ती मेलेला आणि नासलेला माल ओळखायची आहे, त्या कामाला ती एक नंबर आहे. पण गटाराच्या तोंडाशी बसलेली तिसरी ठणठणीत असते, कदाचित जास्तच गुबगुबीत, कारण तिथे खायला भरपूर. तिच्या अंगातला टायफॉइडचा जंतू तिला काही करत नाही. त्यामुळे ताजेपणा नाकाने तपासा, आणि स्वच्छतेसाठी तोंडाने विचारा, कुठल्या खाडीच्या?

५. पाण्यात किती जंतू चालतात? एक आकडा सांगून टाका.

एक नाही, दोन पद्धती आहेत. अमेरिका पाणी मोजते: मोकळेपणाने काढायला परवानगी असलेल्या पाण्यात १०० मिलीला फीकल कोलिफॉर्मची सरासरी १४ च्या वर जाता कामा नये. युरोप पाण्याऐवजी शिंपल्याचं मांस मोजतो, आणि मांस म्हणजे शिंपांमधलं पाणी पण त्यात धरून. १०० ग्रॅमला ई. कोलाय २३० पर्यंत असेल तर अ वर्ग, थेट बाजारात (दर पाचातल्या एका नमुन्याला ७०० पर्यंत सूट). ४,६०० पर्यंत ब वर्ग, तो आधी शुद्ध करून किंवा नीट शिजवूनच विकायचा. ४६,००० पर्यंत क वर्ग, तो स्वच्छ पाण्यात नेऊन निदान दोन महिने ठेवायचा. त्याच्या वर गेलं की विषय संपला.

अमेरिकेने हे सुखासुखी केलं नाही. १९२४-२५ च्या हिवाळ्यात सांडपाण्याने खराब झालेल्या कालवांमुळे न्यूयॉर्क, शिकागो, वॉशिंग्टनमध्ये टायफॉइड पसरला, दीड हजाराच्या आसपास आजारी, दीडशे मेले. त्यानंतर १९२५ ला नियम आले.

आपल्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्याच्या पाण्याचे पाच वर्ग केलेत, मिठागरं आणि शिंपले काढणं पहिल्या, म्हणजे सगळ्यात स्वच्छ वर्गात धरलंय. कागदावर. भरतीला फेस आणणारी खाडी हा कागद वाचत नाही.

६. रामकुंडात अंघोळ चालते मग तेवढ्या स्वच्छ पाण्यातले शिंपले का नाही चालणार?

प्रश्न मस्त आहे, सिंहस्थ आल्यामुळे सगळ्यांना आता अंघोळीचे निकष पाठ झालेत. नदीत अंघोळीसाठी फीकल कोलिफॉर्म १०० मिलीला ५०० च्या आत असावेत आणि २,५०० च्या वर अजिबात नकोत. शिंपल्यांसाठी अमेरिकेचा आकडा १४. फरक का, तर अंघोळीत तुम्ही चुकून दोन-तीन घोट गिळता, आणि शिंपल्याच्या ताटात त्या जिवाने दिवसभर गाळलेल्या कित्येक लिटर पाण्याचा गाळ गिळता. म्हणून "तिथे तर लोक पोहतात" हे शिंपल्यांच्या बाबतीत सर्टिफिकेट होत नाही.

७. शहराजवळच जास्त का? मोठ्या शहरात तर ट्रीटमेंट प्लँट असतात.

प्लँट असतात, पण सगळं पाणी प्लँटपर्यंत पोचतच नाही. वस्त्यांचे नाले सरळ खाडीत, सेप्टिक टँकची गळती, मध्येच बंद पडलेलं पंपिंग स्टेशन. मुंबईत वरळी आणि वांद्र्याला समुद्रात साडेतीन किमीच्या आसपास आत नळ नेऊन सांडपाणी सोडतात, तिथे खोल पाणी असतं, पसरतं, पातळ होतं. पण मिठी नदी माहीमच्या खाडीत येते ती सगळं घेऊनच येते.

आणि शिंपले राहतात कुठे? खाडीच्या मुखाशी, चिखलात, जिथे गोडं आणि खारं पाणी मिसळतं. नाले पण नेमके तिथेच येतात. उन्हात स्वच्छ खाऱ्या पाण्यात हे जंतू काही तासांत मरायला लागतात, पण गढूळ खाडीत ऊन आत शिरत नाही आणि चिखलात तर ते आरामात दिवसचे दिवस काढतात. ओहोटीला गुडघाभर चिखलात बसून तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांवर लोक खापर फोडतात ते मला पटत नाही. त्यांची खाडी त्यांच्या आधी कुणी घाण केली? आपण फ्लॅटवाल्यांनी.

८. पावसाळ्यात घ्यायच्या का? मासेमारी बंद असते तेव्हा तिसऱ्या तर मिळतात.

१ जून ते ३१ जुलै ची बंदी यांत्रिक बोटींना असते, चिखलातून हाताने वेचायला बोट लागत नाही, म्हणून मिळतात. पण घेऊ नका. पहिल्या जोरदार पावसात रस्ते, गोठे, तुंबलेली गटारं सगळं धुऊन खाडीत जातं. अमेरिकेत काही पट्टे ठरावीक पाऊस झाला की आपोआप बंद करतात आणि पाणी निवळून तपासणी झाल्यावरच उघडतात. आपण श्रावण पाळतो तेच बरंय, तिसऱ्यांपुरता तो आषाढात सुरू करा.

९. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या की घाण बाहेर टाकतात ना?

वाळू टाकतात. जंतू पण थोडे टाकतात, पण त्याच पातेल्यात, आणि मग तेच पाणी परत गाळतात. कारखान्यात शुद्ध करतात तेव्हा समुद्राचं पाणी सतत फिरवतात, प्रत्येक फेरीत यूव्ही दिव्याखालून नेतात, शिंपले पातळ थरात मांडतात, आणि इंग्लंडमध्ये निदान ४२ तास तरी ठेवायचा नियम आहे. तेवढं करून ई. कोलाय छान उतरतात, विषाणू नाही (प्र. ११). आपल्या किचनच्या ओट्यावर, नळाचं क्लोरीनवालं पाणी आणि दोन चमचे मीठ, त्यात अर्ध्या तर मिटूनच बसतात. वाळूसाठी जरूर ठेवा. पाणी बेसिनमध्ये ओता, कोथिंबीर धुवायच्या आधी बेसिन घासा.

१०. मग किती शिजवायच्या? उघडल्या की झाल्या ना?

नाही, आणि हेच मला सगळ्यात जास्त सांगायचंय. शिंप उघडते ती आतला स्नायू सैल पडला म्हणून, आतपर्यंत शिजली म्हणून नाही. उघडल्यानंतर उकळत्या पाण्यात आणखी ३ ते ५ मिनिटं, वाफेवर असेल तर ४ ते ९ मिनिटं. विषाणूंसाठी युरोपातला हिशोब आहे की मांसाच्या आत ९० अंश दीड मिनिटभर राहिलं पाहिजे.

आपल्या पद्धतीत एक बरं आहे. कालवण करताना आधी वाफवून उघडतो, एक शिंप काढून टाकतो, मग वाटणात परत उकळतो, तिथे दुसरी उकळी मिळते. ती दणदणीत मिळू द्या, रस्सा रटरटला पाहिजे, नुसती कडेला बुडबुडी नको. गडबड होते ती सुक्यात. मोठी कढई, वरपर्यंत भरलेली, झाकण उघडलं की वरच्या अजून मिटलेल्या असतात, खालच्या उघडून कडक व्हायला लागलेल्या, मग घाईने खोबरं टाकून गॅस बंद. एका वेळी एक-दोन थरच टाका, मध्ये एकदा खालीवर करा. आणि उघडताना सुटलेलं पाणी चव म्हणून चमच्याने पिऊन बघायची सवय असेल तर सोडा, ते पाणी टेस्टमध्ये मोजतात ते उगाच नाही (प्र. ५). गाळून रश्शात घाला, उकळलं की ठीक.

कुकरची एक शिट्टी? जंतूंच्या दृष्टीने उत्तम, खायच्या दृष्टीने रबर.

१०(अ). आम्ही फ्रीझरमध्ये ठेवून उघडतो, वाफवत नाही. चालेल?

उघडायला चालेल, विळीवर सोपं पडतं. पण मग एकही उष्णता लागलेली नाही हे लक्षात ठेवा, फ्रीझर जंतूंना झोपवतो, मारत नाही. पुढचं शिजवणं पूर्ण करा.

लिंबू, कोकम, व्हिनेगर, हळद याबद्दल वेगळा प्रश्न ठेवत नाही, उत्तर एकच आहे: चवीला घाला.

११. रिपोर्टला ई. कोलाय कमी होते तरी लोक आजारी पडले असं वाचलं. टेस्ट खोटी का?

खोटी नाही, अपुरी. ई. कोलाय हा जिवाणू, तो शिंपल्यातून लवकर धुऊन जातो आणि समुद्रात लवकर मरतो. नोरोव्हायरस आणि हिपॅटायटिस ए हे विषाणू शिंपल्याच्या आतड्यात आठवडेच्या आठवडे चिकटून बसतात. म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी खाडीत गटार फुटलं, आज पाणी निवळलं, चुगलखोर निघून गेला, चोर घरातच. १९८८ मध्ये शांघायला सांडपाण्याच्या पट्ट्यातले शिंपले गरम पाण्यात नुसते बुचकळून खाल्ल्याने हिपॅटायटिस ए ची साथ आली, जवळपास तीन लाख लोक. तिथे हिवाळ्यात ते तसेच अर्धेकच्चे आवडीने खायचे. म्हणून रिपोर्ट चांगला असला तरी प्र. १० सुटत नाही.

उलट बाजू पण आहे: व्हिब्रिओ नावाचे जिवाणू समुद्रात मुळातच राहतात, त्यांचा विष्ठेशी संबंध नाही, उबदार पाण्यात वाढतात. कोलिफॉर्म शून्य असले तरी ते असू शकतात.

१२. कावीळ झाली तर ती शिंपल्यांमुळेच हे कसं कळणार?

अवघड आहे. नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांत उलट्या-जुलाब करतो, तेव्हा आठवतं काय खाल्लं. टायफॉइडला एक ते तीन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए ला १५ ते ५० दिवस, म्हणजे गणपतीत खाल्लेलं दसऱ्याच्या पुढेही दिसू शकतं, तोपर्यंत आपण दहा ठिकाणी पाणीपुरी खाल्लेली असते आणि दोष तिच्या माथी जातो. ९० दिवस टॅग जपायचा नियम त्यासाठीच. आपल्याला टॅग नाही, तर निदान कॅलेंडरवर लिहा, मी लिहिते. डॉक्टरांना आपणहून सांगा की शिंपले खाल्ले होते आणि कधी. हिपॅटायटिस ए ची लस मिळते, बालरोगतज्ज्ञांना विचारा.

१३. कुणी अजिबात खाऊ नयेत?

कच्चे, अर्धेकच्चे कुणीच नाही. लिव्हरचा आजार, जास्त डायबेटिस, केमो चालू, गरोदर, खूप म्हातारी माणसं, यांनी तर हॉटेलातल्या बर्फावर मांडलेल्या कच्च्या कालवांच्या जवळपास पण जाऊ नका. लिव्हरवाल्यांना प्र. ११ मधला व्हिब्रिओ जिवावर बेततो, हे अतिशयोक्ती नाही.

१४. चांगलं शिजवलं की सगळंच मरतं ना?

जंतू मरतात. विष नाही. समुद्रात काही वेळा विषारी शेवाळ वाढतं, ते गाळून शिंपले स्वतः विषारी होतात, आणि ते विष उकळून जात नाही. ओठ, जीभ, बोटं बधिर व्हायला लागली तर जुलाबाची वाट बघू नका, दवाखाना गाठा. कारखान्यांजवळच्या खाडीतला शिसं, कॅडमियम असला माल पण शिजवून जात नाही. ह्या दोन्हींचा कोलिफॉर्मशी संबंध नाही, म्हणून इथे एवढंच.

१५. गोदावरीतले शिंपले खातात का? सोमेश्वरजवळ पोरांना सापडले.

गोड्या पाण्यातले शिंपले असतात आणि ते पण असंच गाळून खातात, त्यामुळे वरचं सगळं लागू. गंगापूर धरणाच्या वरचं पाणी वेगळं आणि शहर ओलांडून नासर्डी, वाघाडी या उपनद्या पोटात घेतल्यानंतरचं वेगळं. पाणवेली माजलेल्या पाण्यातला गाळून खाणारा कुठलाही प्राणी मी ताटात घेणार नाही. पोरांना म्हणावं शिंपा धुऊन कलाकुसरीला वापरा, आणि हात धुवा. पावसाळ्यातले इगतपुरीकडचे खेकडे गाळून खात नाहीत, त्यांचं प्रकरण वेगळं आहे, त्यांच्यात फुप्फुसाचा कृमी असू शकतो, तिथे पण उपाय पूर्ण शिजवणं हाच.

१६. नाशिकचं सांडपाणी वाहत जाऊन तिकडे आंध्रातल्या शिंपल्यांत जातं का?

हे विचारणाऱ्या काकांना सलाम. गोदावरी १,४६५ किमी, वाटेत पैठणला नाथसागर एवढा मोठा, पाणी तिथे पडून राहतं, ऊन लागतं. आतड्यातले जंतू एवढे दिवस तग धरत नाहीत, त्यामुळे आपले ई. कोलाय राजमहेंद्रीपर्यंत पोचत नाहीत. पण वाटेतलं प्रत्येक शहर आपापली भर घालतंच, म्हणजे तिकडच्यांना त्यांच्या शेजाऱ्यांचं मिळतं, आणि आपलं मिळतं ते निफाडकडे.

१७. मी तिसऱ्या लॅबमध्ये देऊन तपासून घेऊ का?

घ्या, पण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर तिसऱ्या तुम्ही खाल्लेल्या तरी असतात किंवा फेकलेल्या तरी. आणि एका गोणीचा रिपोर्ट पुढच्या गोणीला लागत नाही. एका लॅबने मला तर पिण्याच्या पाण्याच्या फॉर्मवर रिपोर्ट दिला होता, "पिण्यास अयोग्य". तिसऱ्या! खरी तपासणी खाडीवर, वर्षभर, दर महिन्याला व्हायला पाहिजे, ती ग्राहकाच्या अंगावर टाकायची गोष्टच नाही.

१८. माझं गाव दापोलीकडे, खाडीला आजूबाजूला वस्तीच नाही, तरी पाण्यात कोलिफॉर्म जास्त आले. हे कसं?

होऊ शकतं. गुरं, कुत्री, डुकरं, बगळे आणि समुद्रपक्षी यांच्या पोटात पण ई. कोलाय असतो, चुगलखोर कोणाच्या विष्ठेची चुगली करतोय ते सांगत नाही. शिवाय फीकल कोलिफॉर्मच्या टेस्टमध्ये क्लेब्सिएला पण मोजला जातो, तो कुजक्या पाल्यात, कारखान्याच्या सांडपाण्यात विष्ठेशिवाय पण वाढतो, म्हणून हल्ली फीकल कोलिफॉर्मपेक्षा ई. कोलाय वेगळा मोजलेला बरा मानतात. माणसाचंच आहे का हे बघायला बॅक्टेरॉइडिस जातीच्या जिवाणूंची डीएनए टेस्ट असते. ती करायच्या आधी फुकटातली गोष्ट करा: ओहोटीला काठाकाठाने वरपर्यंत चालत जा आणि गोठ्याचा ओघळ, रिसॉर्टचा पाइप, भरलेला शोषखड्डा काही दिसतं का बघा. आमच्या मावशीच्या गावी असाच पाइप सापडला होता, केवड्याच्या जाळीत लपवलेला, आणि तो बसवणारा दर रविवारी त्याच खाडीतले खुबे विकत घ्यायचा.